परप्रांतीय म्हणजे नेमके कोण?

सुरतहून भुसावळकडे जाताना नवापूर स्टेशन लागते. तिथल्या फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना या भागांतली आपली कुटुंबे आखाजीला, लग्नसराईला, कुणाच्या तेराव्याला याच गाडीने जातात. राज्याची सीमा आली म्हणून कुणी मोबाईलमधून मान वर काढत नाही. डब्यातल्या शेंगा संपत नाहीत आणि पत्त्यांचा डावही थांबत नाही.

पण टीव्ही लावला की हीच सीमा अचानक मोठी होते. ‘परप्रांतीय’, ‘लोंढे’, ‘घुसखोर’, ‘बाहेरचे’ असे शब्द रोज आपल्या घरात येतात आणि तिथून मुलांच्या तोंडी जातात. आपल्या मंडळातली बहुतेक तरुण मुले-मुली सुरतेतच जन्मली. घर स्वतःचे आहे, शिक्षण झाले आहे, कुणी हिऱ्यात, कुणी मार्केटमध्ये, कुणी माझ्यासारखे संगणकात आहेत. त्यामुळे हे शब्द आपल्याविषयी आहेत असे आपल्याला वाटत नाही. ते आपल्याविषयीही आहेत, आणि आपण ते दुसऱ्यांसाठी किती सहज वापरतो, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

रेघ नंतर आली

१ मे १९६० पूर्वी सुरत आणि खान्देश एकाच मुंबई राज्यात होते. जळगाव तेव्हा पूर्व खान्देश जिल्ह्यात होते, तर धुळे आणि नंदुरबार पश्चिम खान्देशात. अमळनेरहून सुरतेला कामाला जाणे म्हणजे आज नाशिकहून पुण्याला जाण्यासारखे होते. जिल्हा बदलायचा, राज्य नाही.

माझे आजोबा १९५७ मध्ये अमळनेर तालुक्यातून आले आणि विणकामाच्या खात्यात लागले. तीन वर्षांनी राज्याची वाटणी झाली. खोली तीच, साचा तोच, मालक तोच, पण आजोबा मात्र एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे झाले. वाटणीत पश्चिम खान्देशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या भागांतली काही गावे गुजरातला जोडली गेली. आज तापी जिल्ह्यात असलेल्या निझर आणि उच्छल भागातल्या लोकांनी तर घरसुद्धा सोडले नव्हते, तरी त्यांचे राज्य बदलले. डांगचेही तसेच.

आपल्या अहिराणीत या प्रवासाला फारसा मोठा शब्द नव्हता. गावात कुणी विचारले तर उत्तर मिळायचे, ‘पोर्‍या सुरतले जायेल शे.’ पोरगा सुरतेला गेला आहे, इतकेच. त्यात माणूस आहे, गाव आहे आणि तो परत येईल ही अपेक्षाही आहे. ‘स्थलांतरित’ हा शब्द सरकारी कागदावर आला, ‘परप्रांतीय’ राजकारणात आला आणि ‘लोंढा’ बातमीत आला. जाणारा पोरगा मात्र प्रत्येक वेळी तोच होता.

एकच शब्द, दोन्ही बाजूंना

‘परप्रांतीय’ हा शब्द मराठीत आहे तसाच गुजरातीतही आहे. दोन्ही भाषांतली वर्तमानपत्रे तो वापरतात. मुंबईच्या बातमीत त्याचा अर्थ उत्तर प्रदेश-बिहारचा माणूस असा होतो. सुरतच्या बातमीत त्यात ओडिया येतात, उत्तर भारतीय येतात आणि प्रसंगी आपणही येतो. म्हणजे नवापूरच्या बाकावर बसलेला मराठी माणूस एका टोकाला भूमिपुत्र आणि दुसऱ्या टोकाला परप्रांतीय ठरतो. नुसते सरकून बसायचे.

हा शब्द नुसता शब्द राहत नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. दहा वर्षांनी, २०१८ च्या सप्टेंबरअखेर, गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात एका लहानग्या मुलीवर अत्याचार झाला. पकडलेला आरोपी बिहारचा होता. गुन्हा एकाचा होता, पण उत्तर आणि मध्य गुजरातेत हिंदी बोलणाऱ्या कामगारांवर हल्ले झाले आणि हजारो लोक गाड्या पकडून गावी निघून गेले. आधी मोबाईलवर संदेश फिरले, मग दगड फिरले.

आपल्या संविधानाच्या कलम १९ नुसार भारताच्या नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि कुठेही राहण्याचा अधिकार आहे. कायद्याने नागरिक हा देशाचा असतो, प्रांताचा वेगळा नागरिक नसतो. म्हणजे ‘परप्रांतीय’ या शब्दामागे कुठलाही गुन्हा नाही, तरी तो उच्चारताना आवाज गुन्हा सांगितल्यासारखाच येतो.

हा शब्द माणसाच्या पाठीवरून कधी उतरतो हेही बघण्यासारखे आहे. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. आपला लिंबायत भाग त्यांच्याच मतदारसंघात येतो. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील याही मराठी. यांच्या बातमीत ‘परप्रांतीय’ शब्द येत नाही, आणि येऊही नये. मग तो साचा चालवणाऱ्या ओडिया कारागिराच्या किंवा टेम्पो हाकणाऱ्या भैयाच्या बातमीतच का यावा? माणसाकडे पैसा, मत आणि ओळख आली की त्याचा प्रांत विसरला जातो. जो नुकताच आला आहे, भाड्याच्या खोलीत दहा जणांत झोपतो, त्याचा प्रांत तेवढा लक्षात राहतो.

लोंढा म्हणजे काय, हे सुरतकरांना विचारा

लोकांच्या येण्याजाण्याविषयीचे आपले शब्द बहुतेक पाण्याचे आहेत. लोंढा, लाट, ओघ, पूर. मराठी वर्तमानपत्रांत ‘लोंढे थांबवा’ हे शीर्षक इतके नेहमीचे झाले आहे की त्यात काही खटकत नाही.

पण खरा लोंढा आपण पाहिला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सुटले आणि तापीने सुरत बुडवली. मिठी खाडीचे पाणी तर लिंबायतमध्ये अजूनही पावसाळ्यात घरात शिरते. पाणी येते तेव्हा आपण काय करतो? दार लावतो, वाळूची पोती टाकतो, बंधारा मागतो. पाण्याला कुणी नाव विचारत नाही, तू कुठून आलास आणि का आलास हेही विचारत नाही. माणसांना लोंढा म्हटले की आपोआप मनात पोती आणि बंधारेच येतात. त्या शब्दातच उत्तर आधी ठरून येते.

पळणाऱ्या गर्दीत आपणही होतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. भुसावळ गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. माझे आई-बाबाही त्या गाडीत होते. गावी पोचल्यावर त्यांना घरात घेतले नाही, आठवडाभर मळ्यातल्या गोठ्याशेजारी ठेवले. जेवण दुरून ठेवून बायका मागे सरायच्या. आई सांगते, ‘रोगाची भीती आम्हाला पण होती रे. पण गावात सगळे नावाने ओळखणारे, आणि त्या दिवसांत आमचे नाव कुणी घेतलेच नाही. सुरतवाले आले, सुरतवाले आले, एवढेच.’

गावचे लोक वाईट नव्हते. ते घाबरले होते आणि बातम्या त्यांना आणखी घाबरवत होत्या. भीती वाटली की माणूस आधी नाव काढून घेतो. मग दूर ठेवणे सोपे जाते.

२०२० च्या टाळेबंदीत तेच मोठ्या प्रमाणावर झाले. सुरतच्या लसकाणा भागात १० एप्रिलला कामगार रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी होती, पगार द्या आणि घरी जाऊ द्या. बातम्यांत मात्र मागणीपेक्षा जाळपोळ जास्त वेळ दिसली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून चालत भुसावळकडे निघाले होते, कारण तिथून मध्य प्रदेशची गाडी मिळेल अशी आशा होती. ‘रुळावर झोपलेच कशाला?’ असा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. रस्त्याने गेलो तर पोलीस अडवतील आणि रुळांवर तर गाड्या बंद आहेत, असा विचार करून थकलेली माणसे झोपतात, हे समजायला त्यांच्या जागी क्षणभर उभे राहावे लागते. ‘मजूर’ म्हटले की ते उभे राहणे टळते. मरण पावलेला मुलगा कुणाचा तरी ‘कामाले जायेल’ पोर्‍या होता, हे लक्षात आले की टळत नाही.

सर्वांत मोठे स्थलांतर आपल्या घरातच

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ४५ कोटींहून अधिक लोक जन्मगाव किंवा आधीचे राहते ठिकाण सोडून दुसरीकडे राहतात. त्यात दोन तृतीयांशांहून जास्त स्त्रिया आहेत, आणि स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण लग्न.

म्हणजे या देशात सर्वांत जास्त स्थलांतर केले ते आपल्या आयांनी, आज्यांनी, वहिनींनी. चोपड्याची मुलगी लिंबायतला नांदायला येते, दोन वर्षांत गुजराती शिकते, भाजीवाल्याशी सुरती बोलीत घासाघीस करते. तिला कुणी लोंढा म्हणत नाही. आपण तिला ‘सून’ म्हणतो, उंबरठ्यावर माप ठेवतो आणि आत घेतो. नवी माणसे आत घेण्याची सवय आपल्याला चांगलीच आहे, फक्त कुणाला आत घ्यायचे हे आपण शब्दावरून ठरवतो.

सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीने हे निदान शाळेपुरते ओळखले आहे. गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा ही समिती चालवते. वर्गाच्या दारावर ‘परप्रांतीय’ असे लिहिलेले नसते, भाषेचे नाव लिहिलेले असते.

‘माहीत नाही’ आणि ‘नाही’

‘घुसखोर’ हा शब्द याहून कठीण आहे, कारण इथे खरी आंतरराष्ट्रीय सीमा येते. परदेशी माणूस कागदपत्रांशिवाय देशात राहत असेल तर कायद्याने कारवाई करणे हे सरकारचे काम आहे, यात वाद नाही. वाद आहे तो कुणाला घुसखोर म्हणायचे हे कधी आणि कोणी ठरवायचे याचा.

२६ एप्रिल २०२५ च्या पहाटे अहमदाबाद आणि सुरतच्या पोलिसांनी मिळून एक हजाराहून जास्त लोकांना ताब्यात घेतले. त्या दिवशी बहुतेक बातम्यांत आणि सगळ्याच फॉरवर्डमध्ये ते ‘हजार बांगलादेशी घुसखोर’ होते. दोन दिवसांनी राज्याच्या पोलीस महासंचालकांनी सांगितले की राज्यभरात सुमारे ६,५०० संशयितांना ताब्यात घेतले आणि त्यांपैकी ४५० जण बांगलादेशी असल्याचे कागदपत्रांवरून तोवर निश्चित झाले आहे. बाकीच्यांत भारताचे नागरिकही होते, बंगाली बोलणारे. ही दुसरी बातमी किती ग्रुपांवर आली?

जून २०२५ मध्ये तर महाराष्ट्रात पकडून सीमेपलीकडे बांगलादेशात पाठवलेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीय असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यांना परत आणावे लागले.

प्रोग्रामिंग शिकताना सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतात. ‘नल’ आणि ‘फॉल्स’ या दोन वेगळ्या किमती आहेत. नल म्हणजे माहिती अजून आलेली नाही, आणि फॉल्स म्हणजे माहिती आली आणि उत्तर ‘नाही’ आहे. हे दोन एक समजून कोड लिहिला तर चांगल्या ग्राहकाचे खातेही बंद पडते. ‘संशयित’ म्हणजे नल. बातमीच्या शीर्षकात ते फॉल्स होऊन येते.

आमच्या गल्लीत माल्दा जिल्ह्यातला एक तरुण राहायचा, साड्यांवर हातकाम करायचा. त्या आठवड्यात त्याला चौकशीला नेले, कागद तपासले आणि सोडले. पण तोपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या खोलीच्या दाराचा फोटो फिरला होता. पोलिसांनी त्याला सोडले तरी घरमालकाने त्याला ठेवले नाही. घरमालक आपलेच, धुळे जिल्ह्यातले. ते म्हणाले, ‘दादा, मला माहीत आहे तो चांगला आहे. पण लोक काय म्हणतील?’ त्या तरुणाने शिलाईची फ्रेम खांद्यावर घेतली आणि तो गेला. कायद्याने निर्दोष ठरवलेल्या माणसाला एका शब्दाने बेघर केले.

तिकडे गेल्यावर आपले नाव काय?

आपल्या मंडळातली कितीतरी मुले आज कॅनडा-अमेरिकेची तयारी करत आहेत. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या कायद्यात परदेशी माणसासाठी ‘एलियन’ हा शब्द आहे. व्हिसावर रीतसर नोकरी करणारा इंजिनियरही करविवरण भरताना काही काळ ‘नॉनरेसिडेंट एलियन’ असतो.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यात ३३ जण गुजरातचे आणि ३ महाराष्ट्राचे होते. त्यांना हातकड्या आणि पायात साखळ्या घालून आणले होते. त्याच महिन्यात व्हाइट हाऊसच्या अधिकृत खात्यावरून परत पाठवल्या जाणाऱ्या लोकांची एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. त्यात साखळ्यांचा आवाज मुद्दाम ऐकवला होता, जणू तो ऐकायला गोड आहे. आपल्याकडे अनेकांना ते पाहून राग आला. ‘आपली पोरे गुन्हेगार नाहीत, पोट भरायला गेली होती’ असे लोक म्हणाले. बरोबरच म्हणाले. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेजवळ बर्फात गोठून मेले, तेव्हाही आपण ‘घुसखोर मेले’ असे म्हटले नाही. आपण त्या दोन लेकरांविषयी हळहळलो.

हीच हळहळ माल्द्याच्या किंवा गंजामच्या पोरासाठी आपल्याकडे का नसावी?

शब्द बदलता येतात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये आपल्या बातमीदारांना सांगितले की ‘बेकायदा’ हे विशेषण कृतीला लावा, माणसाला लावू नका. म्हणजे ‘बेकायदा प्रवेश’ लिहा, ‘बेकायदा माणूस’ लिहू नका. सीमा तिथेच राहिली, कायदाही तोच राहिला. फक्त बातमी नेमकी झाली.

आपल्याकडे एकाच शब्दाचे दोन भाव आहेत. दक्षिण आफ्रिकेत ज्यांना ‘कुली बॅरिस्टर’ म्हटले गेले ते गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी मायदेशी परतले. त्या दिवसाची आठवण म्हणून २००३ पासून ‘प्रवासी भारतीय दिवस’ साजरा होतो. व्यासपीठ असते, फेटे असतात, सन्मान होतात. ‘प्रवासी मजूर’ म्हटले की त्याच ‘प्रवासी’ शब्दावर धूळ बसते. एकाने समुद्र ओलांडला, दुसऱ्याने नवापूर. घर सोडतानाची आईची काळजी दोघांच्या घरी सारखीच असते.

मग आपण काय करायचे?

आपण संपादक नाही, नेतेही नाही. पण प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि बातमी पुढे जाते ती आपल्याच अंगठ्याने. तो अंगठा दाबण्याआधी तीन प्रश्न विचारता येतील.

पहिला, बातमी कुणी काय केले हे सांगते की फक्त तो कुठला आहे हे सांगते? चोराचा प्रांत सांगितला असेल, तर आपल्या प्रांताच्या चोराचाही सांगितला असता का?

दुसरा, हे ठरले आहे की अजून तपास चालू आहे? ‘संशयित’ शब्द शीर्षकातून गायब झाला असेल तर थांबा.

तिसरा, त्या शब्दाच्या जागी ‘सुरतचे मराठी’ घालून वाचा. ‘मराठ्यांचे लोंढे’, ‘खान्देशी घुसले’. वाचवत नसेल तर पुढे पाठवू नका.

एक काम घरातही करता येईल. आजी-आजोबा, काका-काकू अजून आहेत तोवर त्यांना विचारा की तुम्ही सुरतेला कोणत्या साली आलात, पहिली खोली कुणी दिली, भाडे किती होते, गुजराती पहिल्यांदा कुणाकडून शिकलात, आणि कुणी नावाऐवजी दुसऱ्या शब्दाने हाक मारली होती का. मोबाईलवर ते बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवा. कानबाईला सगळे एकत्र येतात तेव्हा हे सहज होईल. प्रत्येक घरात असा एक माणूस सापडेल ज्याने आधी खोली दिली, मग नाव विचारले. पुष्कळदा तो गुजराती शेजारी असेल.

आज त्या शेजाऱ्याच्या जागी आपण आहोत. खोल्या आपल्या आहेत, सोसायटीचे अध्यक्ष आपले आहेत, ग्रुपचे ॲडमिनही आपलेच आहेत. उधना स्टेशनवर आज संध्याकाळी पिशवी घेऊन उतरणाऱ्या पोराला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो, यावर त्याचे या शहरातले पुढचे दिवस ठरणार आहेत. आधी त्याचे नाव विचारू.